तेहतीस नंबरचा दरवाजा

पहिला दिवस, शुक्रवार

मधे एक विमान बदलून लॉस एंजेलिसला उतरलो तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजले होते आणि डोळ्यांत रात्रीचे अडीच. लेक आणि जावई दोघंही घ्यायला आले होते. नातू मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेला, गाढ झोपलेला. गाडी अर्व्हाइनच्या रस्त्याला लागेपर्यंत हिने कैरीच्या लोणच्याची बरणी शाबूत असल्याची दोनदा खात्री करून घेतली.

जावयाने गाडीतच बातमी फोडली. "बाबा, मंगळवारी डिस्नेलँड. आणि दुपारचं जेवण क्लब थर्टी-थ्रीमध्ये."

मी "बरं" म्हणालो. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. ह्या माणसाला आपण काय दिलंय ते कळलेलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग पुढचा पाऊण तास त्याने समजावण्यात घालवला.

डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ रोजी. आत दारूचा थेंब मिळणार नाही, हा वॉल्ट डिस्नेंचा पहिल्यापासूनचा दंडक. पुढे १९६४-६५ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं. फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक अशा कंपन्यांसाठी डिस्नेंच्या माणसांनी तिथे खेळ उभारून दिले होते. त्या मंडपांत बड्या पाहुण्यांसाठी बाजूला खास दालनं असत, गर्दीपासून लांब, पेला हातात धरून बसायला. वॉल्टच्या डोक्यात ते राहिलं. आपल्या उद्यानाला पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या साहेबांना न्यायला आपल्याकडेही अशी एक जागा हवी. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर हा नवा भाग १९६६ च्या जुलैमध्ये उघडला, त्यातल्या दुकानांच्या माडीवर ती जागा ठरली. बायकोला, लिलियनला, घेऊन तो जुनं सामान जमवायला खुद्द न्यू ऑर्लिन्सला जाऊन आला. १५ डिसेंबर १९६६ ला तो वारला आणि सदस्यांपुरता हा क्लब १९६७ मध्ये सुरू झाला. ज्याने जागा मांडली तो तिथे एकदाही जेवला नाही.

"आणि तेहतीस का?" हिने विचारलं.

"पत्ता आहे, आई. ३३, रॉयल स्ट्रीट. कुणी म्हणतं सुरुवातीला तेहतीस कंपन्या होत्या."

मला विचाराल तर पत्ताच खरा. तारखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पत्त्यापलीकडे गूढ लागत नाही.

दुसरा दिवस, शनिवार

पहाटे तीनला टक्क जागा. स्वयंपाकघरात चहा करून एकटाच बसलो, आणि तो जिमखाना डोळ्यांपुढे आला.

मी खात्यात लागलो तो तारवाला म्हणून, १९७७ साली. खाकी कपडे, सायकल आणि खांद्याला चामड्याची पिशवी. पुढे परीक्षा देऊन आत टेलिग्राफिस्ट झालो, पण ती पहिली दोन वर्षं फोर्टातल्या जिन्यांवर गेली. तिकडच्याच एका जुन्या क्लबात एका पावसाळी संध्याकाळी अर्जंट तार द्यायची होती. पहारेकऱ्याने "इकडे दे" म्हणून हात पुढे केला. मी दिली नाही. अर्जंट तारेच्या पावतीवर घेणाऱ्याची सही लागते. मग त्याने मला पुढच्या पोर्चमधून काढून बाजूच्या दाराशी उभं केलं, कारण माझ्या कपड्यांतून फरशीवर पाणी गळत होतं. ते दार वाऱ्याने जरा उघडं राहिलं होतं. चार बोटांची फट. त्यातून बिलियर्डचं हिरवंगार कापड, त्यावर खाली लोंबणारा दिवा, आणि एक पांढरा पायजमा-कोट घातलेला बेअरर ट्रे घेऊन जाताना दिसला. आवाज कसलाच नाही. फक्त चेंडूवर चेंडू आपटल्याचा, एकदाच.

सही मिळाली. बेअररने मला स्वयंपाकघराच्या पायरीवर चहा दिला, कान तुटलेल्या कपातून. चहा चांगला होता, खोटं का बोला. पण फटीतून दिसलं तेवढंच आजपर्यंत डोक्यात आहे. पुढे ह्याच मुंबईत मी लग्नांच्या हॉलांत गेलो, मोठ्या हॉटेलांत गेलो, जावयाने एकदा ताजमध्येही नेलं. त्या दाराच्या आत मात्र कधी गेलो नाही. जावं असं कुणाला बोलूनही दाखवलं नाही.

म्हणजे जावयाच्या बातमीला मी "बरं" म्हणालो, ते खरं नव्हतं.

दिवसभर कपड्यांची चर्चा. क्लबात पोशाखाचे नियम असतात, हाफपँट चालत नाही, म्हणून जावयाने माझ्यासाठी कोट काढून ठेवलेला. ही म्हणाली, "मी पैठणी नेसणार." लेकीने तोंड उघडायच्या आत विषय संपला.

रात्री जावयाने पैशांचं सांगितलं. कंपनी आकडे जाहीर करत नाही. २०१२ मध्ये बरीच वर्षं बंद असलेली प्रतीक्षायादी खुली झाली तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं: आत शिरायचे २५ हजार डॉलर आणि पुढे दरवर्षी १० हजार. त्यानंतर ते वाढलेच असणार. एवढं भरूनही शिस्त मोडली म्हणून एका जोडप्याचं सदस्यत्व काढून घेतलं. ते दोघं कोर्टात गेले, आणि २०२४ मध्ये ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. क्लबातून काढलं म्हणून कोर्टात जाणारी माणसं मला नवीन नाहीत. आपल्याकडे जिमखान्यांच्या निवडणुकांत त्याहून जास्त होतं.

तिसरा दिवस, रविवार

महिन्यातला तिसरा रविवार. ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्टची एक पडवीवजा लाकडी कोठी ठेवली आहे, ती ह्याच रविवारी उघडतात. प्रवेश फुकट.

होम्बी हिल्समधल्या घराच्या परसात त्याने १९५० च्या सुमाराला छोटी आगगाडी घातली होती. खऱ्याच्या एक-अष्टमांश मापाचं वाफेचं इंजिन, आणि त्याचं नाव बायकोवरून लिली बेल. रूळ बायकोच्या फुलझाडांच्या वाफ्यातून जाणार म्हटल्यावर तिने हरकत घेतली, तर ह्याने वाफ्याखालून नव्वद फुटांचा बोगदा खणला. रुळाच्या हक्काचा करारही थट्टेत, पण रीतसर कागदावर केला. गाडीचे रूळ बदलायच्या कळा ह्या कोठीत होत्या. कोठीचा नमुना मिसुरीतल्या मार्सलीन गावच्या शेतावरचा. तिथे तो १९०६ पासून चारेक वर्षं राहिला, वयाच्या पाचव्या वर्षापासून. १९९९ मध्ये ती उचलून इथे आणली.

आत हत्यारं, कामाचं बाक, भिंतीवर फोटो. वयस्क स्वयंसेवक हौसेने सांगत होते. एकाने माझ्या हातात रुळाचा तुकडा दिला आणि "वजन बघा" म्हणाला. कुणी विचारलं नाही तुम्ही कोण, कुणाचे पाहुणे. शेजारीच हौशी मंडळी छोट्या वाफेच्या गाड्या चालवतात. नातू त्यावर तीनदा बसला आणि चौथ्यांदा बसू दिलं नाही म्हणून रडला.

ह्याच बागेतल्या घोड्यांच्या चक्राशी वॉल्ट शनिवारी दोन्ही मुलींना घेऊन यायचा. मुली फिरायच्या, हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. आईबापांनाही बसून न राहता मुलांबरोबर काही करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्याला त्या बाकावर आला, असं तो स्वतः सांगत असे.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी फोन. ज्या सदस्याच्या ओळखीने जायचं होतं ते आजारी पडले, त्यांनी आरक्षणच रद्द केलं. जावई इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. "अहो, तब्येत आहे, चालायचंच."

ही म्हणाली, "पैठणी मी तरीही नेसणार."

दुपारी दुकानातून कोथिंबीर आणली. बाकी काही नाही.

पाचवा दिवस, मंगळवार

डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर पाय ठेवला आणि ही थबकली. "अहो, वरचे मजले बुटके आहेत." बरोबर होतं तिचं. खालचा मजला जवळजवळ खऱ्या मापाचा, वर जाईल तसं माप लहान, म्हणजे इमारत उंच भासते आणि तरी अंगावर येत नाही. हा रस्ता म्हणजे तेच मार्सलीन, शिवाय आराखडा करणाऱ्यांपैकी हार्पर गॉफच्या लहानपणचं फोर्ट कॉलिन्स. दोन माणसांच्या आठवणी शिवून एक गाव केलं, आणि आता तिसऱ्याच देशातल्या माणसालाही ते ओळखीचं वाटतं. मला तर लहानपणीच्या जत्रेतला फोटोचा पडदा आठवला, ज्यापुढे मोटारीत बसल्यासारखं उभं राहायचो.

अग्निशमन बंबाच्या इमारतीवर वॉल्टची छोटी खोली होती. खिडकीत दिवा असतो, तो त्याच्या आठवणीसाठी जळता ठेवतात. ऑपेरा हाऊसमध्ये ग्रिफिथ पार्कमधलं एक बाक ठेवलंय. कालपरवा ज्या बागेत आपण फुकट बसलो तिथलंच बाक इथे तिकीट काढून बघतोय, ह्यावर ही मनमुराद हसली. त्या तिकिटाचा दर दिवसागणिक वेगळा असतो, पण मोठ्या माणसाला तो शंभर डॉलरच्या खाली सहसा येत नाही.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरला पोचलो. लोखंडी नक्षीचे सज्जे, गिरगावातल्या एखाद्या जुन्या वाड्याला फ्रेंच रंग लावल्यासारखे. ब्लू बायू नावाच्या खानावळीशेजारी तो जुना दरवाजा, आणि बाजूला ३३ हा आकडा. बस्स. पाटी नाही, पहारेकरी नाही. माणसं समोरून पॉपकॉर्न खात जात होती, दहातला एक जण थांबून आकड्याबरोबर फोटो काढत होता. मीही काढला.

पण आता ह्या दरवाजातून कुणी आत जात नाही. २०१४ मध्ये क्लब मोठा केला तेव्हा प्रवेश पलीकडे हलवला, कोर्ट ऑफ एंजल्स नावाच्या चौकात. तो चौक मागच्या बाजूला आहे. त्याच्या फाटकाशी एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या, आणि मला खरी गोष्ट कळली ती त्यांच्यामुळे.

हिची पैठणी बघून त्या बोलायला आल्या. पदरावरचे मोर विणलेले की छापलेले, हा पहिला प्रश्न. हिने विणकामाचं जे काही इंग्रजीत सांगता येईल ते सांगितलं, उरलेलं मराठीत सांगितलं, आणि बाईंना ते सगळं समजलं. मग त्यांनी फोन काढला. फोनवर जुन्या अल्बमच्या पानाचा फोटो. त्यात एक वळणदार जिना, पायरीवर फ्रॉक घातलेली तीन-चार वर्षांची मुलगी. पुढच्या पानावर तोच जिना, मुलगी जरा मोठी, दात पडलेले. तिसऱ्यात बरोबर भाऊ. असं करत करत ती मुलगी स्वतः कडेवर बाळ घेऊन त्याच पायरीवर.

तो जिना फाटकाच्या आत आहे.

हा चौक पूर्वी सगळ्यांचा होता. झाडाची सावली, बसायला जागा, एक-दोन दुकानं, आणि तो जिना. जिना कुठे पोचवायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला पडलंही नव्हतं. दरवर्षी येणारी कुटुंबं पायरीवर मुलांना उभं करून फोटो काढायची, वाढदिवसाला दारामागे पेन्सिलीने उंचीची रेघ मारतात तसं. २०१३ मध्ये चौक बंद झाला तो क्लबात जायचा रस्ता म्हणूनच पुन्हा वापरात आला. बंद व्हायच्या आधी लोक शेवटचा फोटो काढायला रांगा लावून आले होते, म्हणाल्या.

"तुम्हाला क्लबात जावंसं वाटलं नाही?" हिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. वर काय आहे त्याच्याशी त्यांना कधीच कर्तव्य नव्हतं. त्यांना पाहिजे होती खालून तिसरी पायरी.

तेवढ्यात फाटक उघडलं. चार जण, कोट वगैरे घातलेले, आत गेले. फाटक मिटायला चार-पाच सेकंद लागले असतील. मला जिन्याचं वळण दिसलं, कठडा दिसला, कुंडीतलं झाड दिसलं. बाईंनी फोन वर केला नाही. त्यांनी फक्त बघून घेतलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. फोर्टातल्या त्या फटीतून मला जे दिसलं ते माझं कधीच नव्हतं, आणि ह्या बाई फटीतून स्वतःच्या घरात बघत होत्या.

जुन्या सदस्यांचीही तक्रार असते, हे जावयाने नंतर सांगितलं. त्यांना जुनी फ्रेंच धाटणीची लिफ्ट हवी असते. नव्या बांधणीत ती लिफ्ट चालायची थांबली आणि तिचा पिंजरा आत बसायची जागा झाला. म्हणजे आतल्यांना जुनं आत हवं, बाहेरच्यांना जुनं बाहेर. दारूचंही तसंच. वर्षानुवर्षे ह्या उद्यानात येणाऱ्याला ती फक्त क्लबात मिळे, आणि वाइनपेक्षा त्या 'फक्त'ची चव जास्त होती. २०१९ मध्ये स्टार वॉर्सच्या नव्या भागात गुत्ता उघडला, तिथे कुणालाही मिळायला लागली.

पायरेट्सच्या, म्हणजे समुद्री चाच्यांच्या खेळाच्या, बोटीत बसलो. हा खेळ १९६७ च्या मार्चमधला, क्लबच्याच वयाचा. सुरुवातीला बोट संथ पाण्यातून सरकते. भर दुपारी आत कायमची संध्याकाळ, काजवे, झोपडीच्या ओसरीवर डुलत्या खुर्चीत म्हातारा, बँजोचा आवाज. उजवीकडे कंदिलांच्या उजेडात लोक जेवताना दिसतात, ती ब्लू बायू. आम्ही बोटीतून जेवणाऱ्यांकडे बघत होतो, जेवणारे आमच्याकडे. त्यांनी महिन्याभरापूर्वी टेबल राखलं असणार म्हणून आम्हाला त्यांचा जरा हेवा. आणि ह्या सगळ्याच्या माथ्यावर माडी. एक डबा बोटीवाल्यांचा, एक टेबलवाल्यांचा, एक नंबरवाल्यांचा, म्हणजे दादरला थांबलेल्या लोकलसारखंच, फक्त शेवटचा डबा वर ठेवलेला. पुढच्याच वळणावर बोट धबधब्यावरून खाली घसरली आणि पैठणीच्या निऱ्यांवर पाणी आलं. ही काही बोलली नाही. वरच्या माडीवर काही सांडलं असतं तर जास्त लागलं असतं, एवढंच म्हणाली बाहेर आल्यावर.

मग तिथल्याच दुकानातून मिंट ज्यूलेप आणि बेन्ये घेतले. ज्यूलेप म्हणजे पुदिन्याचं हिरवं सरबत, बिनदारूचं. बेन्ये मिकीच्या तोंडाचे, वर मूठभर पिठीसाखर. हिने एक चावा घेऊन निकाल दिला, "घारगेच आहेत. भोपळा घालायला विसरलेत." माझ्या कोटावर सगळी साखर. क्लबासाठी घातलेला कोट होता तो.

संध्याकाळी उद्यानाला वळसा घालणाऱ्या आगगाडीसाठी न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्याच स्टेशनवर आलो. नातू माझ्या मांडीवर. समोर जुन्या ढंगाची तारकचेरी उभी केलेली, आणि आतून आवाज.

कट्ट. कडकट्ट. कट्ट.

मी ताठ बसलो. साउंडर, तारेचे ठोके वाजवणारं यंत्र! हा आवाज मी फ्लोरा फाउंटनच्या तारघरात किती वर्षं ऐकलाय. झोपेतही बोटं हलायची. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडे तारसेवा बंद झाली. मोर्स, म्हणजे ठिपके-दांड्यांची लिपी, तर त्याच्या किती आधीच गेली होती, तरी त्या शेवटच्या दिवशी काउंटरवर झुंबड. ज्यांनी उभ्या जन्मात तार केली नव्हती ते स्वतःच्याच पत्त्यावर तारा करत होते. मी फॉर्म घेऊन घेऊन थकलो होतो.

आपोआप अक्षरं लिहायला लागलो, पार्कच्या नकाशाच्या मागे. टी. मग ई, ई. मग ए. मग टी, टी. टीईईएटीटी. काही अर्थ लागेना. पुन्हा ऐकलं. तेच. हात विसरला की कान?

स्टेशनवरच्या तरुण मुलाला विचारलं. तो खूश झाला. ही अमेरिकेतल्या रेल्वेची जुनी लिपी आहे, म्हणाला, जगभर पुढे जी चालली ती नव्हे. उद्घाटनाच्या दिवशी, १९५५ मध्ये, वॉल्टने जे भाषण केलं त्याच्या पहिल्या ओळी आहेत, दिवसभर तेच वाजतं.

मग उलगडलं. ह्या लिपीत ओ म्हणजे दोन सुटे ठिपके, मला ते दोन ई वाटले. एल म्हणजे एक लांबलचक दांडी, मी तिला टी समजलो. 'टू ऑल'. पहिले दोन शब्द. इथे येणाऱ्या सगळ्यांना, स्वागत.

"आजोबा, काय म्हणतोय तो?" नातवाने विचारलं.

"सगळ्यांना या म्हणतोय."

"मग आपण आत का नाही गेलो?"

लेक आणि जावयाने एकमेकांकडे पाहिलं. ही निऱ्या झटकत होती. मी बाकाच्या लाकडावर बोटाने नातवाचं नाव वाजवून दाखवलं, आपल्या लिपीत. त्याने परत वाजवायला लावलं, मग हिचं नाव, मग आईचं, मग त्याच्या शाळेतल्या मित्राचं. गाडी आली तरी उठेना.